कर्नाळ्याच्या सुळक्यापर्यंत: एका दिवसाच्या सोप्या भटकंतीचे सविस्तर मार्गदर्शन

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने पेणच्या दिशेने निघाले, की पळस्पे फाटा मागे पडल्यावर थोड्याच वेळात डोंगरमाथ्यावर उभा असलेला एक काळा सुळका दिसू लागतो. वर केलेल्या अंगठ्यासारखा त्याचा आकार असल्यामुळे भटकी मंडळी त्याला ‘कर्नाळ्याचा अंगठा’ म्हणतात. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाणाऱ्या असंख्य कोकणवासीयांनी तो एसटीच्या खिडकीतून पाहिलेला असतो. त्याच्या पायथ्याशी प्रत्यक्ष जाऊन आलेले मात्र त्यांच्यातही थोडेच आढळतात. वास्तविक सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या या गडावर जाण्यासाठी दोर लागत नाही, प्रस्तरारोहणाचे शिक्षण लागत नाही आणि मुक्कामही करावा लागत नाही. चालण्याची बऱ्यापैकी सवय असलेल्या कोणालाही, अगदी आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही, अर्ध्या दिवसात सुळक्याला भेट देऊन खाली येता येते.

या वाटेवर त्रास होतो तो चढापेक्षा उन्हाचा, कोकणातल्या दमट हवेचा आणि सुळक्याच्या कपारींत वस्ती करून असलेल्या मधमाश्यांचा. या तिन्हींवर एकच उपाय आहे आणि तो म्हणजे पहाटे घर सोडणे, ऊन तापण्यापूर्वी सुळक्यापाशी पोहोचणे आणि आवाज न करता परत फिरणे. खालील सर्व सूचना याच एका वेळापत्रकाभोवती बांधलेल्या आहेत.

सुळका आणि गड

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांतून सह्याद्रीचा बेसॉल्ट तयार झाला. त्यानंतरच्या प्रदीर्घ काळात ऊन, वारा आणि कोकणचा धुवाधार पाऊस यांनी ठिसूळ, भेगाळलेला खडक झिजवून नेला आणि कठीण भाग जागच्या जागी उभा राहिला. कर्नाळ्याचा सुमारे १२५ फूट उंचीचा सुळका हा अशाच टिकून राहिलेल्या खडकाचा स्तंभ आहे. जवळ गेल्यावर त्याच्या अंगावरच्या उभ्या चिरा स्पष्ट दिसतात. पाणी याच चिरांतून मुरते, झुडपांची मुळे याच चिरांत रुजतात आणि त्यामुळे अधूनमधून खडकाचे लहानमोठे तुकडे सुटून खाली येतात. सुळक्याच्या अगदी खाली फार वेळ बसून राहू नये, हे सांगण्यामागे मधमाश्यांइतकेच हेही कारण आहे.

या सुळक्याभोवतीच गड बांधलेला आहे. एका बाजूला पनवेल आणि पेणची बंदरे, दुसऱ्या बाजूला बोरघाटाने देशावर चढणारी वाट, आणि या दोहोंवर नजर ठेवता येईल अशी ही जागा असल्यामुळे गुजरातचे सुलतान, अहमदनगरची निजामशाही, पोर्तुगीज, मराठे आणि मोगल अशा अनेक सत्तांच्या हातून हा गड गेला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळ्याचे नाव आहे, आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने तो घेतला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा अनंतराव हे या गडाचे किल्लेदार होते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंतांचा जन्म झाला ते शिरढोण गाव याच महामार्गावर, गडाच्या अलीकडे लागते. परतीच्या वाटेवर त्यांचे घर पाहता येते, आणि ते आवर्जून पाहावे.

कोणत्या महिन्यात जावे

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ सर्वांत उत्तम समजावा. हवा कोरडी आणि त्यामानाने गार असते, स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि माथ्यावरून दूरवरचे डोंगर स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात जंगल अतिशय देखणे होते; पण दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरते, डोंगराच्या सोंडेवर वारा झोंबतो आणि ज्या सुळक्यासाठी एवढे चालायचे तोच कित्येकदा ढगात बुडालेला असतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी आणि लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी जोराच्या पावसाचे दिवस टाळावेत. मार्च संपला की अकरा वाजल्यानंतर सोंडेवर उभे राहणे नकोसे होते, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत गड करायचाच असेल, तर दहाच्या आत उतरायला सुरुवात झालेली असली पाहिजे. वार निवडण्याची मोकळीक असेल तर शनिवार-रविवार सोडून जावे. गर्दी कमी म्हणजे गोंगाट कमी, आणि गोंगाट कमी असला की पक्षीही दिसतात आणि मधमाश्याही शांत राहतात.

पायथ्यापर्यंतचा प्रवास

पनवेलपासून कर्नाळा सुमारे १२ किलोमीटरवर आहे. मुंबईकरांनी हार्बर मार्गाची पहाटेची लोकल पकडून पनवेल गाठावे आणि तेथून एसटी स्थानकावर जाऊन पेण किंवा अलिबागकडे जाणारी साधी गाडी घ्यावी. विनाथांबा गाड्या अभयारण्यापाशी थांबत नाहीत, म्हणून चढण्यापूर्वीच वाहकाला ‘कर्नाळा अभयारण्याला थांबणार का’ असे विचारून घ्यावे. चार-पाच जण असतील तर पनवेलहून रिक्षा ठरवणे सोयीचे पडते आणि पहाटेचा मोलाचा अर्धा तास वाचतो. पुण्याहून येणाऱ्यांनी एसटीने पनवेलला उतरावे किंवा स्वतःच्या वाहनाने पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या दिशेला वळावे.

रस्त्याबाबत एक गोष्ट जपावी. हा महामार्ग रुंद आहे आणि वाहने अतिशय वेगात असतात. एसटीने ये-जा करणाऱ्याला दोन्हींपैकी एका फेरीत तरी तो ओलांडावाच लागतो. गटातील सर्वांनी एकत्र, घाई न करता आणि मुलांचा हात धरूनच रस्ता ओलांडावा. दिवसभराच्या भटकंतीत खरोखर जीवावर बेतू शकेल अशी जागा माथ्यावर जितकी आहे तितकीच ती येथेही आहे.

प्रवेश आणि सामान

गडाची वाट कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जाते. १९६८ मध्ये साडेचार चौरस किलोमीटरपेक्षाही लहान क्षेत्रावर स्थापन झालेल्या या अभयारण्याचा २००३ मध्ये विस्तार होऊन ते सुमारे १२ चौरस किलोमीटरचे झाले. प्रवेशद्वारावरील तपासणी नाक्यावर तिकीट काढावे लागते, पिशव्या तपासल्या जातात आणि प्लास्टिकच्या बाटल्या व पाकिटे मोजून त्यांपोटी अनामत रक्कम घेतली जाते. तितक्याच वस्तू परत आणून दाखवल्या की पैसे परत मिळतात. ही व्यवस्था उत्तम आहे आणि तिला मनापासून साथ द्यावी. त्यासाठी खाऊ घरूनच डब्यात भरून आणावा आणि पाणी स्टीलच्या किंवा पुन्हा वापरता येणाऱ्या बाटल्यांत घ्यावे, म्हणजे नाक्यावरचा वेळही वाचतो. अनामतीसाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत. बाहेर पडण्याची शेवटची वेळ आणि गडाची वाट त्या दिवशी खुली आहे की नाही, ही चौकशी येथेच करावी.

पाणी माणशी किमान दोन लिटर असावे आणि उन्हाळ्यात तीन. सुळक्याच्या पोटात टाकी खोदलेली आहेत हे खरे, पण त्यांतील पाणी पिण्याजोगे असेल या भरवशावर निघू नये. घामावाटे मीठ फार जाते, म्हणून लिंबू-साखर-मिठाचे पाणी किंवा ओआरएसच्या एक-दोन पुड्या जरूर घ्याव्यात. खाण्यासाठी थेपले, दशम्या, गूळ-शेंगदाणे, काकडी आणि संत्री यांसारखे न सांडणारे पदार्थ बरे पडतात. पायांत चांगल्या पकडीचे बूट हवेत, कारण गुळगुळीत तळाच्या चपला उतरताना दगा देतात. पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा सुती सदरा, पूर्ण लांबीची विजार, टोपी आणि एक मोठा सुती पंचा किंवा ओढणी घ्यावी. पंचाचा उपयोग उन्हासाठी आहेच, पण मधमाश्या उठल्याच तर तोंड झाकण्यासाठी त्याच्याइतके कामाचे दुसरे काही नाही. अत्तर, सेंट किंवा उग्र वासाचे तेल त्या दिवशी अजिबात लावू नये.

जंगलातला पहिला टप्पा

सकाळी सात-साडेसातच्या सुमारास नाका ओलांडून चालायला लागावे, असा बेत ठेवावा. सुरुवातीची रुंद, आखीव वाट पक्ष्यांच्या पिंजऱ्यांवरून आणि माहितीफलकांवरून पुढे जाते. पिंजऱ्यांपाशी रेंगाळण्याचा मोह मुलांना होतो, पण ते परतीच्या वाटेवर पाहायचे असे आधीच ठरवून टाकावे. अभयारण्यात हरियाल आणि मोरटाका या नावांच्या निसर्गवाटाही आहेत. गडाची वाट त्यांहून वेगळी असल्याने दिशादर्शक पाटी नीट वाचून, शंका असल्यास वनरक्षकाला विचारून पुढे जावे.

वाट जंगलात शिरते आणि चढ सुरू होतो. संपूर्ण भटकंतीतला दमवणारा चढ बहुतांशी याच टप्प्यात आहे. सुदैवाने तो दाट सावलीत आहे. साग, ऐन, आंबा, उंबर आणि करवंदीच्या जाळ्या यांमधून दगड-मुळांची मळलेली वाट वर जाते. येथे वेग वाढवू नये. सोबतच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच गतीने चालावे, दर वीस-पंचवीस मिनिटांनी उभ्या-उभ्याच थांबावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता दोन-दोन घोट पाणी प्यावे. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर तापते आणि चढ आहे त्यापेक्षा अवघड वाटू लागतो. गटात कोणाला मळमळ किंवा चक्कर जाणवली तर त्याला सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी द्यावे, आणि पंधरा-वीस मिनिटांत हुशारी वाटली नाही तर त्याच्याबरोबर कोणीतरी खाली परतावे.

पक्षी पाहण्याची सर्वांत चांगली संधी याच टप्प्यावर मिळते, कारण सकाळचे पहिले दोन तास त्यांच्या लगबगीचे असतात. हळद्याचा पिवळाधमक रंग आणि शेपटीच्या टोकाला दोन लांब पिसे मिरवणारा भृंगराज हे सहज ओळखता येतात. नशिबाने साथ दिली तर पांढऱ्या फितीसारखी शेपूट हलवीत झाडांमधून जाणारा स्वर्गीय नर्तकही दिसतो. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्यांच्या बाजूने शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते, आणि एखादा माणूसच निवांतपणे शीळ घालत चालला आहे असे वाटून नवखा हमखास मागे वळून पाहतो. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावण्याचा प्रकार कोणीही करू नये. विणीच्या काळात त्यामुळे पक्षी घरटे सोडून धावून येतात आणि त्यांचा जीव विनाकारण दमतो.

वाटेत वानरे आणि माकडे भेटतात. त्यांच्यासमोर डबा उघडू नये, हातात पिशवी लोंबकळत ठेवू नये आणि काहीही खायला घालू नये.

सोंड, पायऱ्या आणि दरवाजे

साधारण तासाभराच्या चढानंतर झाडी विरळ होते आणि वाट डोंगराच्या सोंडेवर येते. येथे सुळका प्रथमच पूर्ण उंचीनिशी समोर उभा राहतो आणि त्याला अंगठा का म्हणतात हे वेगळे सांगावे लागत नाही. छायाचित्रे काढायची असतील तर ती येथूनच काढावीत, कारण पायथ्याशी गेल्यावर मान कितीही मागे टाकली तरी तो एका चौकटीत मावत नाही. सोंडेवरची वाट सोपी असली तरी दोन्ही बाजूंना उतार आहे, तेव्हा चालताना फोनकडे पाहू नये. पाहायचे असेल तेव्हा थांबून पाहावे.

सोंडेवरून पुढे गेल्यावर गडाच्या अलीकडे कर्णाई देवीचे ठाणे लागते आणि तेथून कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. या पायऱ्या काही ठिकाणी झिजून आतल्या बाजूला खोलगट झाल्या आहेत आणि त्यांवर बारीक मुरूम साचतो. कठड्याचा आधार घ्यावा, पण सगळा भार त्यावर टाकू नये. एका वेळी एकाच दिशेची माणसे जाऊ द्यावीत आणि खाली उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावी. पायऱ्या संपता-संपता पहिला दरवाजा येतो. गडाला खालचा आणि वरचा असे दोन दरवाजे असून खालच्यावर मराठी आणि वरच्यावर फारसी लेख कोरलेला आहे. त्यांवर हात फिरवू नये, खडूने अक्षरे उठवू नयेत. अक्षरे पाहायचीच असतील तर सकाळच्या तिरप्या उजेडात ती जास्त स्पष्ट दिसतात.

आतमध्ये पडक्या वाड्याच्या भिंती आणि तटबंदीचे अवशेष आहेत. गडमाथा लहान आहे. दहा-पंधरा मिनिटांत तो फिरून होतो आणि पावले आपोआप सुळक्याकडे वळतात.

सुळक्याच्या पायथ्याशी

नाक्यापासून येथपर्यंत यायला दीड ते दोन तास लागतात, म्हणजे नऊ-साडेनऊला आपण सुळक्यासमोर असतो. त्याच्या पोटात ओळीने खोदलेली टाकी आणि कोठारे आहेत. बाहेर ऊन जाणवू लागले असतानाही त्यांच्या तोंडाशी उभे राहिल्यावर पायांना गारवा लागतो. वर पाहिले तर काळ्या खडकावर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात, घारी आणि पाकोळ्या घिरट्या घालत असतात, आणि उंचावरच्या पुढे आलेल्या कपारींखाली अर्धचंद्रासारखी काळपट पोळी लटकलेली असतात. ही आग्या माश्यांची पोळी आहेत. लक्ष देऊन पाहिले तर पोळ्याच्या पृष्ठभागावरून मध्येच एक लाट सरकल्यासारखी दिसते. हजारो माश्या पाठोपाठ पोटे उचलून गांधीलमाशीसारख्या शत्रूला दम भरत असतात. ते दृश्य विलक्षण आहे, पण ते दुरूनच पाहण्याचे आहे.

येथे पाळायचे नियम कडक आहेत आणि त्यांत सवलत नाही. आरोळी, शिट्टी, घोषणा आणि गाणी यांतले काही करू नये. विडी-सिगारेट, उदबत्ती, धूप किंवा चूल पेटवू नये, कारण धुराने माश्या खवळतात. खडा भिरकावून पाहण्याची खोडी एका मुलाने केली तरी शिक्षा सगळ्या गडावरच्या माणसांना होते. ड्रोन उडवू नये. सुळक्यावर चढण्याचा प्रयत्न करू नये. ते अनुभवी प्रस्तरारोहकांचे, साधनांनिशी आणि परवानगी घेऊन करण्याचे काम आहे. ज्यांना मधमाशीच्या विषाची तीव्र बाधा होते असे आधीच माहीत आहे, त्यांनी सोंडेवरूनच सुळक्याचे दर्शन घेऊन परतावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

तरीही माश्या उठल्याच, तर हातवारे करीत एका जागी उभे राहू नये. पंचाने डोके आणि तोंड झाकून घ्यावे, फक्त पायाखालचे दिसेल एवढी फट ठेवावी आणि थेट पायऱ्यांच्या दिशेने, पण पाय सांभाळून, निघावे. खाली दाट झाडीत पोहोचेपर्यंत थांबू नये. टाक्याच्या पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घोंगावत वाट पाहतात आणि पोहता न येणाऱ्याचा जीव जातो. सुरक्षित जागी आल्यावर अंगात रुतलेले काटे नखाने किंवा एखाद्या पत्त्याच्या कडेने लवकरात लवकर खरवडून काढावेत, कारण काटा जितका वेळ आत राहतो तितके विष शरीरात जात राहते. ओठ-जीभ सुजणे, श्वास घ्यायला त्रास, अंगभर पित्त उठणे किंवा घेरी येणे यांपैकी काहीही दिसले, अथवा एकाच माणसाला पुष्कळ दंश झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वनरक्षकांना कळवावे.

सर्व शांत असेल तर अर्धा-पाऊण तास माथ्यावर निवांत घालवता येतो. स्वच्छ हवेत पूर्वेच्या अंगाला माणिकगड आणि उत्तरेकडे प्रबळगड, त्यामागे माथेरानचा सपाट माथा ओळखू येतो. खाली पाताळगंगेचे खोरे आणि महामार्गाची रेघ दिसते. खाणे मात्र सुळक्याखाली न उघडता उतरताना सावली पाहून उघडावे.

उतरताना

साडेदहाच्या आत उतरायला सुरुवात करावी. आलेल्या वाटेनेच परतावे. झाडीतून खाली जाणारी प्रत्येक पायवाट महामार्गावर उतरते असे नाही, आणि अभयारण्यात मळलेली वाट सोडून फिरणे नियमालाही धरून नाही. पायऱ्यांवर शरीर किंचित पुढे झुकलेले आणि गुडघे थोडे वाकलेले असावेत. ताठ पायांनी टाच आपटत उतरल्यास दुसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात. जंगलातल्या उतारावर सुकलेल्या पानांखाली सुटे गोटे असतात, म्हणून पाऊल पूर्ण टेकवून मगच भार टाकावा. मुलांना गटाच्या मध्ये ठेवावे, आणि सर्वांत मागे वाट माहीत असलेला एक माणूस असावा.

बाराच्या सुमारास पायथा गाठला की राहून गेलेले पिंजरे आणि माहितीफलक सावकाश पाहता येतात. नाक्यावर बाटल्या दाखवून अनामत परत घ्यावी. वाटेत इतरांनी टाकलेला कचरा उचलून आणला असेल तर तोही येथेच कचरापेटीत टाकावा. वेळ हाताशी असल्यास पेणच्या दिशेने थोडे पुढे तारा गावात युसूफ मेहेरअली सेंटरचे ग्रामोद्योगाचे काम पाहता येते, अन्यथा पनवेलकडे परतताना शिरढोणला थांबावे. एसटीने परतणाऱ्यांनी दुपारी चारपर्यंत महामार्गावर यावे. संध्याकाळी पनवेलकडे येणाऱ्या गाड्या भरून येतात, रविवारी तर बऱ्याच थांबतच नाहीत, आणि अंधारात त्या रस्त्याच्या कडेला हात दाखवीत उभे राहणे धोक्याचे आहे.